सहावीला मुलीला कुठं घालायचं? तालुक्यातल्या तीन शाळा ताडून बघताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही राजगड तालुक्यात, म्हणजे आपल्या वेल्ह्यात राहता, मुलगी पाचवी झाली आणि पुढं तीन वाटा आहेत. एक गावातलीच झेडपीची शाळा, सातवीपर्यंत, सहावी सातवी मिळून ११ पोरं आणि अख्ख्या शाळेला दोन शिक्षक. दुसरी ४ किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावातली झेडपीची, आठवीपर्यंत, पट १४० च्या आसपास. तिसरं ९ किलोमीटरवरचं अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी, एसटीनं जावं लागतं आणि गेटवर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स. सासरे म्हणतात गावातली बरी, मिस्टर म्हणतात हायस्कूल, आणि तुम्हाला कळायचंय की या शाळा एकमेकींशी ताडून बघायच्या तरी कशा.

मी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांत केंद्रप्रमुख आणि नंतर शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून नोकरी केली, शाळा तपासणं हेच काम होतं, त्यामुळं जरा लांबडं सांगतो, वाचायला वेळ काढा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पहिली ते चौथी-पाचवीला एक मनापासून शिकवणारा गुरुजी किंवा बाई असली की शाळा तरते, तिथं पट किती, खोल्या किती याला फार अर्थ नसतो. सहावीपासून मात्र गणित बदलतं. अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरणं, गुणोत्तर प्रमाण, विज्ञानात विद्युत आणि पेशी, इंग्रजीत आख्खे परिच्छेद, हे सगळं एकाच माणसाला, तेही दोन तीन वर्ग एकत्र बसवून, शिकवता येत नाही, कितीही कष्टाळू असला तरी. आणि इथं राहिलेला कच्चेपणा नववीत उघडा पडतो तेव्हा भरून काढायला कुणाकडेच वेळ नसतो. म्हणून सहावी ते आठवीच्या शाळांची तुलना करताना माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो की गणित विज्ञानाला कोण आहे, आणि तो माणूस रोज वर्गात असतो का. बाकी सगळं त्याच्या नंतर.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागं एक शिक्षक आणि वर्गाला किमान एक शिक्षक अशा हिशोबानं की विज्ञान गणिताला एक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषांना एक असे किमान तिघं असतील. आपल्याकडं यांना पदवीधर शिक्षक म्हणतात. शाळेत गेल्यावर सरळ विचारा, "सर, पदवीधर किती मंजूर आहेत, किती भरलेत आणि गणित विज्ञानाचं कोण?" हे विचारल्यावर मुख्याध्यापक सावरून बसतात कारण पालक सहसा हे विचारतच नाहीत, पालक विचारतात की कॉम्प्युटर आहे का. गणित विज्ञानाची पदं भरायला सगळ्यात अवघड, त्यात डोंगरी भाग म्हटलं की बदलीत माणूस आला तरी त्याचं लक्ष पुढच्या बदलीकडं असतं. यात मी शिक्षकांना दोष देत नाही, पानशेतच्या वरच्या अंगाला किंवा केळदच्या बाजूला पावसाळ्यात रोज येणं जाणं काय असतं ते मला माहितीये.

आता कागदावर शिक्षक आहे आणि वर्गात नाही असंही होतं. त्याला आमच्यात कामगिरीवर जाणं म्हणतात. शिक्षकाचं नाव, पगार या शाळेवर, पण काम दुसऱ्या शाळेत किंवा ऑफिसला. शिवाय बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम, सर्व्हे, ट्रेनिंग, मीटिंगा, ऑनलाइन माहिती भरणं. दोन शिक्षकी शाळेत एक जण बाहेर गेला की सातही वर्ग एकाच्या गळ्यात. म्हणून नुसतं "शिक्षक किती" असं विचारू नका, मुलांना विचारा. पोरं खरं बोलतात. "काल गणिताचा तास झाला का? कुणी घेतला? परवा?" आठवडाभराचं असं विचारलंत की वेळापत्रकाच्या तक्त्यापेक्षा जास्त कळतं.

मोबाईलवर घरबसल्या बघायचं असेल तर प्रत्येक शाळेला ११ अंकी युडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीचा नंबर, असतो, तो शाळेच्या बोर्डवर किंवा दाखल्यावर लिहिलेला असतो. युडायस प्लसच्या साईटवर शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं, त्यात वर्गवार पट, शिक्षकांची संख्या, खोल्या, मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे की बंद, वीज, ग्रंथालय हे सगळं दिसतं. मी ते कसं वाचतो सांगतो. खोल्या नि वीज यावर मी फार थांबत नाही. मी मागच्या तीन चार वर्षांचा पट शेजारी शेजारी लिहून काढतो. पाचवीत १४ होते ते पुढच्या वर्षी सहावीत ८ का झाले? सहा कुठं गेले? आई बापाबरोबर वीटभट्टीला गेले, पुण्याला धायरी नऱ्हेला राहायला गेले, का हायस्कूलला गेले? पट का गळतोय याचं कारण शाळेच्या आत आहे की बाहेर हे कळलं की अर्धी तुलना झाली. वेल्ह्यात गावंच्या गावं पुण्याकडं सरकलीत, त्यामुळं पट कमी झाला म्हणून शाळा वाईट असं म्हणणं अन्याय होईल, पण पाचवीनंतरच दर वर्षी निम्मी पोरं दुसऱ्या शाळेत जात असतील तर गावातल्या लोकांना काहीतरी माहितीये जे रिपोर्ट कार्डात नाही, ते शोधा.

तुमच्या गावातल्या शाळेबद्दल अजून एक काळजीची गोष्ट आहे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवायच्या, शासन निर्णयात सहावी ते आठवीच्या गटाला किमान पटाची अट आली, २० च्या आत पट असला की पदवीधरचं पद मिळणं अवघड झालं. शिक्षक संघटनांनी त्याला जोरदार विरोध केलाय आणि तो बरोबरच आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण डोंगरात २० पोरं एका वाडीत आणायची कुठून? पण तुम्हाला निर्णय आत्ता घ्यायचाय, सरकार काय करेल याची वाट बघत मुलीची सहावी थांबणार नाही. ११ च्या पटावर गणिताचा पदवीधर मिळेल या आशेवर बसू नका एवढंच सांगतो. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून मोठ्या समूह शाळा करायचा विषय निघाला होता तेव्हा आपल्याच तालुक्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारच्या तोरणमाळचं उदाहरण दिलं गेलं होतं, आठवत असेल. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, खेळायला सवंगडी, लायब्ररी हे सगळं मिळतं हे खरंय, पण ते गाडी रोज वेळेवर येते तोवरच. पहिली दुसरीच्या लेकराची शाळा वाडीतनं उठवायच्या मी ठाम विरोधात आहे, सहावीच्या पोरीचं मात्र वेगळं, तिला चार किलोमीटर नेऊन चांगला गणिताचा शिक्षक मिळत असेल तर न्यावं.

आता निकालांबद्दल, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल इथंच होते.

हायस्कूलच्या दहावीच्या शंभर टक्क्यांचा तुमच्या मुलीच्या सहावीशी जवळपास काही संबंध नाही. एक तर तो वेगळ्या शिक्षकांचा, वेगळ्या वर्गाचा निकाल. दुसरं म्हणजे विचारायचं असतं की चार वर्षांपूर्वी सहावीत किती होते आणि दहावीला किती बसले. काही ठिकाणी नववीतच कच्च्या पोरांना "तू सतरा नंबरचा फॉर्म भर" असं हळूच सांगितलं जातं, मग ते बाहेरून बसतात आणि शाळेचा निकाल स्वच्छ राहतो. तुमचं हायस्कूल असं करतंय असं मी म्हणत नाही, बरीच हायस्कूलं अगदी जीव ओतून सगळ्यांना पास करतात, पण सहावीचा पट आणि दहावीला बसलेल्यांचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय फ्लेक्सवर विश्वास ठेवू नका.

झेडपीच्या शाळांचंही तसंच. समजा एका शाळेत सातवीला ५ पोरं आहेत आणि त्यातली ३ हुशार निघाली तर ६० टक्के, पुढच्या वर्षी एकच निघालं तर २० टक्के. शाळा तीच, शिक्षक तेच. इतक्या कमी पटावर टक्केवारी काढणंच चुकीचं, तरी लोक काढतात आणि एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. लहान शाळेची तुलना करायची तर किमान तीन वर्षांची पोरं एकत्र धरा, आणि टक्क्यांऐवजी नावानिशी बघा की हा मुलगा सहावीत आला तेव्हा कुठं होता आणि आठवीतून गेला तेव्हा कुठं. डॉक्टर, दुकानदार, नोकरदारांची पोरं असलेल्या बाजाराच्या गावातल्या शाळेचे मार्क जास्तच येणार, त्यात शाळेचं कर्तृत्व किती आणि घरच्या क्लासचं किती हे वेगळं करून बघावं लागतं. उलट कातकरी वस्तीवरची पोरं जिथं येतात, अर्धं वर्ष भट्टीवर जाऊन परत येतात, आणि तरी आठवीत सरळ वाचतात, त्या शाळेतला माणूस मला जास्त मोठा वाटतो. अशा शाळा आहेत आपल्या तालुक्यांत, त्यांचा फ्लेक्स कुणी लावत नाही.

पॅट म्हणजे ती पायाभूत आणि संकलित चाचणी, मराठी गणित इंग्रजीची, ती पेपर वरून येत असल्यामुळं बरी वाटते, पण तपासतात त्याच शाळेचे शिक्षक. मार्क बघा, पण दोन शाळांमधे पाच सात मार्कांच्या फरकाला किंमत देऊ नका. आणि ते नॅस किंवा २०२४ चं परख सर्वेक्षण, ज्यात तिसरी, सहावी आणि नववी घेतली होती, ते नमुना सर्वेक्षण आहे, जिल्ह्याचं चित्र सांगतं. जिल्हा वर आला म्हणून तुमच्या गावातली शाळा वर आली असं होत नाही.

शिष्यवृत्तीची यादी आणि आठवीतली एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा मात्र मी बघतो, त्यातला आकडा किती हे बाजूला ठेवून शाळा किती पोरांना बसवते हे बघतो. एनएमएमएसला घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखाच्या आत लागतं, पोरगं निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, झेडपी आणि अनुदानित दोन्हीकडच्या मुलांना चालते. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम छोटी नाही. ज्या शाळेत आठवीची सगळी पोरं फॉर्म भरतात आणि परीक्षेपर्यंत संध्याकाळी जादा तास होतात ती शाळा जिवंत आहे असं समजा. जिथं "आमच्याकडं दोन हुशार आहेत, त्यांनाच बसवतो" असं उत्तर येतं तिथं बाकीच्या पोरांना कसं वागवतात ते ओळखा.

यापेक्षा भरवशाची तपासणी तुम्ही स्वतः करू शकता आणि मी सगळ्या पालकांना हेच सांगतो. तुमच्या आणि शेजारच्या वाड्यांतली या तिन्ही शाळांत जाणारी सातवी आठवीची पोरं सुट्टीच्या दिवशी घरी बोलवा, प्रत्येक शाळेची चार पाच तरी, आणि हुशार म्हणून नाव असलेलीच नकोत, मधली नि मागची पण हवीत. प्रथम संस्थेचा असर सर्व्हे २००५ पासून असंच करतो, घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगतात. तुम्हीपण दुसरीचं बालभारतीचं पुस्तक घ्या, कुठलाही उतारा. सातवीचं पोरगं अडखळत असेल तर त्या शाळेत वाचनाकडं बघितलंच जात नाही. मग ८३७ भागिले ६. मग थोडं वरचं, पाऊण किलोमीटर म्हणजे किती मीटर, १२ आंबे ९० रुपयांना तर २० किती रुपयांना, उणे ३ मधे ८ मिळवले तर किती. इंग्रजीची साधी चार वाक्यं वाचून अर्थ सांगायला लावा. परीक्षा घेतोय असं वाटू देऊ नका, खाऊ द्या, गप्पा मारत करा आणि पोराला कमी लेखू नका. तासाभरात तुम्हाला जे कळेल ते मला तपासणीला दिवसभर बसूनही कधी कधी कळायचं नाही, कारण साहेब येणार म्हटलं की पोरांना पाठ करून घेतलेलं असायचं.

त्याच पोरांच्या वह्या बघा. गणिताची वही सगळी बरोबर, स्वच्छ, एकही खाडाखोड नाही, म्हणजे फळ्यावरचं उतरवून घेतलंय. जिथं चुका आहेत, शिक्षकानं कुठं चुकलं ते दाखवलंय आणि खाली पोरानं परत सोडवलंय, ती खरी वही. विज्ञानाच्या वहीत गाईडमधली उत्तरं आहेत की स्वतः काढलेल्या वेड्यावाकड्या आकृत्या आणि "आम्ही बी रुजत घातलं तेव्हा" अशी वाक्यं आहेत ते बघा. नुसती टिक आणि सही असलेल्या वह्या जिथं भेटतील तिथं जरा जपून.

शाळेत प्रत्यक्ष जायचं ते १५ ऑगस्ट, २६ जानेवारी किंवा गॅदरिंगला जाऊ नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा सुंदर दिसतात. साध्या दिवशी, दुपारच्या सुट्टीनंतर जा. सकाळी परिपाठ होतो, पहिले दोन तास बहुतेक ठिकाणी होतातच, खिचडी झाल्यावर साडेतीनला वर्गात काय चाललंय त्यावर शाळेचं खरं वजन कळतं. मुख्याध्यापकांना नमस्कार करून, परवानगी घेऊन, व्हरांड्यातून एक फेरी मारली तरी पुरे. कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितलंय, पण दुपारी पोरं मैदानात आणि गुरुजी ऑफिसात असतील तर ते तास कुठं भरणार. शेरेबुक ठेवलेलं असतं, आलेले अधिकारी त्यात शेरा लिहितात. ते बघायला मिळालं तर शेऱ्यांमधे "प्रगती समाधानकारक" असं लिहिलेली पानं सोडून द्या आणि कुणी नेमकं काय लिहिलंय, उदाहरणार्थ सहावीच्या अमुक मुलांना भागाकार येत नाही, ते शोधा, आणि पुढच्या भेटीत त्याचं काय झालं ते बघा.

डिजिटल वर्ग, रंगवलेल्या भिंती, बोलका व्हरांडा, हे सगळं चांगलंच आहे, मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा आल्यापासून बऱ्याच शाळा देखण्या झाल्यात. पण टीव्ही लावून पोरांना बसवणं म्हणजे शिकवणं नाही. आणि एक सांगतो, वाबळेवाडी, जालिंदरनगर या गाजलेल्या झेडपी शाळांची नावं घेऊन आपल्या तालुक्यातल्या दोन शिक्षकी शाळेला नावं ठेवू नका, पुष्कळ लोक ठेवतात. त्या शाळांमागं अख्खं गाव वर्षानुवर्षं उभं राहिलंय, आपलं गाव शाळेच्या मीटिंगला तरी जातं का ते आधी बघावं.

सेमी इंग्लिशचं विचारलंय तुम्ही. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. माझं मत कडक आहे. गणित विज्ञानाचा पक्का शिक्षक असेल आणि त्याला स्वतःला इंग्रजीत समजावता येत असेल तरच सेमी घ्या. नाहीतर पोरगी न्यूमरेटर डिनॉमिनेटर पाठ करते आणि अंश छेद म्हणजे काय हे तिला कळलेलंच नसतं, धड ना मराठीत ना इंग्रजीत. नुसता सेमीचा बोर्ड बघून शाळा निवडलेली पोरं आठवीत परत मराठीत येताना मी पुष्कळ पाहिलीत, मधली दोन वर्षं फुकट.

आता मुलगी म्हणून जे बघायचं ते, आणि इथं जरा थांबून विचार करा. या तीन वर्षांत पोरी मोठ्या होतात. स्वच्छतागृह आहे का एवढंच विचारू नका, आत पाणी आहे का, कडी लागते का, किल्ली कुणाकडं असते, आणि शाळेत एक तरी बाई आहेत का जिच्याशी ती बोलू शकेल. तुमच्या मुलीबरोबर वर्गात अजून किती मुली आहेत? सहावी सातवीत मिळून दोनच मुली असतील तर ती एकटी पडते, शाळा चांगली असली तरी. रस्ता पावसाळ्यात बघा, उन्हाळ्यात बघून ठरवू नका. वेल्ह्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा, जुलैत ओढ्याला पाणी आलं की चार किलोमीटरचे सात होतात. एसटी सकाळी येते पण संध्याकाळची पाच सव्वापाचची नक्की आहे का, ती चुकली तर पोर कुठं थांबणार, हे हायस्कूलला जाणाऱ्या मुलींच्या आयांना विचारा. भाड्याची काळजी करू नका, ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत आहे. पास मोफत असला तरी गाडी वेळेवर येईल असं नाही, म्हणून मी गाडीचं विचारायला सांगतोय.

आणि पुढचा प्रश्न, सातवीनंतर काय. गावातल्या शाळेत सातवी झाली की दाखला काढून दुसरीकडं जावं लागणार. असा दाखला निघायची जी वेळ असते ना, तिथंच आपल्या भागातल्या पोरी घरी राहतात. धाकटं भावंड सांभाळायला, आई आजारी, एसटी नाही, काहीतरी निमित्त होतं आणि जूनचा जुलै होतो, मग दिवाळी. जिथं खंड कमी तिथं गळती कमी. म्हणून शाळांची तुलना करताना फक्त सहावी बघू नका, आठवी कुठं, नववी कुठं आणि तिथवर ती कशी जाणार हे आजच घरात बसून ठरवा. आठवीला आता वार्षिक परीक्षा पण आहे, २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवी दोन्हीला आली, नापास झालं तर परत संधी मिळते पण त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. म्हणजे आठवीच्या ऐन वर्षात शाळा बदलणं पोराला जड जातं.

पोषण आहार तिन्ही ठिकाणी मिळेल, अनुदानित हायस्कूलच्या आठवीपर्यंतच्या वर्गांनाही. सहावी ते आठवीला रोज १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन असं प्रमाण आहे. पुस्तकं तिन्हीकडं मोफत, गणवेश झेडपीत. यात फार फरक नाही.

तर तुमच्या तीन शाळांबद्दल माझा कल सांगतो. बाजाराच्या गावातल्या झेडपीत गणित विज्ञानाचा पदवीधर खरोखर हजर असेल आणि वाडीतल्या पोरांच्या वाचन भागाकारात ती शाळा टिकली, तर मी डोळे झाकून तिथं घालीन. आठवीपर्यंत एकाच जागी राहील, चार किलोमीटर सोबतिणींबरोबर सायकलवर जमण्यासारखं आहे, आणि सहावी ते आठवी हेच त्या शाळेचे वरचे वर्ग असल्यामुळं तिथले चांगले शिक्षक त्यांनाच मिळतात. हायस्कूलात पुष्कळदा उलटं असतं, अनुभवी शिक्षक नववी दहावीला आणि सहावीला जो उरेल तो. तुमच्या हायस्कूलात सहावीला गणित कोण घेतं ते विचारा, दहावीला घेणारेच सर सहावीला पण घेत असतील तर माझं मत फिरेल, मग एसटीचा त्रास सोसून तिथं घाला, दहावीपर्यंतची चिंता मिटते. गावातल्या शाळेत ठेवायचं कारण फक्त एक असावं, की तिथला शिक्षक खरंच विलक्षण आहे. जवळ आहे, घरकामाला हाताशी राहील, हे कारण नको. सासऱ्यांना हे प्रेमानं सांगा, त्यांचा जीव नातीत आहे म्हणूनच ते गावातली म्हणतात.

गावातल्याच शाळेत ठेवायचं ठरलं तर मग तुम्ही स्वतः शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, म्हणजे जागा तुमच्यासाठीच आहे. कामगिरीवर गेलेला शिक्षक परत आणा असा ठराव समितीनं करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिला तर त्याची दखल घ्यावी लागते, तोंडी तक्रारीची घेत नाहीत. आठवीला गावाच्या ३ किलोमीटरच्या आत शाळा नसेल तर वाहतूक भत्त्यासाठी पण समितीमार्फतच अर्ज करा. सहावी सातवीची सोय गावात असल्यामुळं तेव्हा तो मिळणार नाही.

नवोदयची सहावीची परीक्षा पाचवीत असतानाच होते, ती वेळ गेली. आठवीत नववीसाठीची एक निवड परीक्षा असते, कुठल्याही शाळेत असली तरी बसता येतं, ते तेव्हा लक्षात ठेवा.

शाळा बदलायचीच ठरली तर एप्रिलचा निकाल लागला की लगेच दाखल्याचा अर्ज द्या, आधारवरचं आणि जनरल रजिस्टरमधलं नाव नि जन्मतारीख जुळते का बघून घ्या, नाहीतर पुढं ऑनलाइन नोंदीत अडकतं. पट कमी होतो म्हणून जुनी शाळा दाखला द्यायला टाळाटाळ करते असंही घडतं. त्यांची अडचण मी समजू शकतो, एक पोर गेलं की एक पद जायची भीती असते. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणं दाखला मागितल्यावर तो लगेच द्यावाच लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. १५ जूनला तिला सरळ नवीन शाळेत नेऊन बसवा, कागद मागून येऊ द्या.